तोरु ताकेमित्सु : अंतर राखणारे संगीत

‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ हे शब्द कानांवर आले की मी सावध होते. आपल्याकडे हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. स्नेहसंमेलनात कुणी गिटारवर यमन वाजवला, मागे ड्रम ठेवले आणि शेवटी तबल्याशी त्यांची जुगलबंदी लावून दिली, की सूत्रसंचालक हे वाक्य हमखास म्हणतो आणि टाळ्या पडतात. टाळ्या मीही वाजवते. वाजवणारी मंडळी आपलीच असतात आणि महिनाभर तालमीला राबलेली असतात. पण दोन वाद्ये एका व्यासपीठावर, एका पट्टीत आणि एका ठेक्यात बसवली म्हणजे दोन संस्कृतींची भेट झाली, हे मानायला मन तयार होत नाही. भेट व्हायची तर दोघांनी आपापल्या जागी उभे असावे लागते. आपल्या या कार्यक्रमांत बहुधा एकाने दुसऱ्याची चाल उचललेली असते, आणि कुणी कुणाची उचलली हेही धड कळत नाही.

या प्रश्नाचा माझ्या ऐकण्यातला सर्वांत प्रामाणिक विचार एका जपानी संगीतकाराने केला. त्यांचे नाव तोरु ताकेमित्सु. गंमत अशी की त्यांच्याविषयी कुठेही चार ओळी वाचायला घ्या, त्यांत ‘पूर्व-पश्चिम संगम’ हा शिक्का असतोच. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. त्यांचे मोठेपण संगम घडवण्यात नाही. जे मिसळत नाही ते मिसळल्याचे सोंग करण्याचे त्यांनी नाकारले, यात ते आहे. हे म्हणणे पटवून देण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे थोडे वळावे लागेल, कारण ही जिद्द त्यांना पुस्तकांतून मिळालेली नव्हती.

ताकेमित्सु यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९३० चा, टोकियोचा. बालपणीची काही वर्षे मांचुरियात, समुद्रकाठच्या दाइरेन शहरात गेली. वडिलांना जाझच्या तबकड्यांचा नाद होता. १९३८ साली शाळेसाठी मुलाला टोकियोला पाठवले आणि त्याच वर्षी वडील वारले. नात्यातल्या ज्या बाईंच्या घरी मुलगा वाढला, त्या कोतो हे तंतुवाद्य शिकवीत. म्हणजे पारंपरिक जपानी संगीत त्यांच्या कानांवर घरातच पडत होते. आपल्याकडे असे चरित्र असते तर पुढचे वाक्य ठरलेले असते: बालवयातच संस्कार झाले, बीज रुजले, इत्यादी. ताकेमित्सु यांच्या बाबतीत घडले ते निराळेच. त्यांना या संगीताचा तिटकारा बसला.

कारण युद्ध. त्या काळच्या जपानी राजवटीने शत्रुराष्ट्रांच्या संगीतावर बंदी घातली होती आणि जे जे जपानी ते ते सैनिकी शिस्तीच्या दावणीला बांधले होते. १९४४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ताकेमित्सु यांना शाळेतून उचलून साइतामाच्या डोंगरांतील लष्करी तळावर श्रमांसाठी नेण्यात आले. तिथले दिवस कडू होते. एके दिवशी एका अधिकाऱ्याने काही मुलांना मागच्या खोलीत नेले आणि एक फ्रेंच प्रेमगीत, ‘पार्ले-म्वा दामूर’, ग्रामोफोनवर लावले. सुईसुद्धा धातूची नव्हती, बांबू तासून केलेली होती. बंदीतले गाणे, बांबूच्या सुईवर, डोंगरातल्या छावणीत! युद्ध संपले की आपण संगीतच करायचे, असे त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या मनाने घेतले.

पुढे कित्येक वर्षे कोतोचा किंवा शामिसेनचा सूर कानी आला की त्यांना युद्धाची आठवण होई. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. परंपरा ही वारसा म्हणून आपोआप मिळते असे आपण समजतो. पण ज्यांनी ती गणवेशासारखी अंगावर चढवून घेतली, त्यांच्यामुळे ती एका संवेदनशील मुलाला नकोशी झाली. त्यात कोतोचा काय दोष?

युद्धानंतर अमेरिकन लष्करी तळावर काम करताना तिथल्या रेडिओवरून पाश्चात्त्य संगीत त्यांच्यापर्यंत पोचले. देब्युसी, फ्रांक, गर्श्विन, जे मिळेल ते. सोळाव्या वर्षी त्यांनी स्वररचना सुरू केली. कियोसे यासुजी या संगीतकाराकडे १९४८ पासून थोडे मार्गदर्शन घेतले, तेवढेच. बाकी सारा अभ्यास स्वतःचा. घरी पियानो नव्हता. कागदावर पट्ट्या आखून तो घडीचा पियानो ते खिशात बाळगीत. रस्त्याने जाताना एखाद्या घरातून पियानो ऐकू आला की दार वाजवून, थोडा वेळ वाजवू द्याल का, असे विचारीत. आणि लोक वाजवू देत! पुढे मायुझुमि तोशिरो या समवयस्क संगीतकाराने हे ऐकून, ओळखदेख नसताना, त्यांच्या घरी पियानो पाठवून दिला. एखाद्या समाजाची संगीतविषयक आस्था मोजायची तर ती सभागृहांच्या संख्येवरून मोजण्यापेक्षा अशा उघडणाऱ्या दारांवरून मोजावी.

१९५० साली त्यांची ‘लेंतो इन दुए मोविमेंती’ ही पियानोची रचना प्रथम सादर झाली. दुसऱ्या दिवशी एका नामांकित समीक्षकाने लिहिले की हे संगीत नाही, संगीताच्या अलीकडचे काहीतरी आहे. वीस वर्षांचा तो तरुण चित्रपटगृहाच्या अंधारात जाऊन रडला. मला वाटते, समीक्षक दुष्ट होता पण त्याचा नेम अगदीच हुकला नव्हता. ‘संगीताच्या अलीकडचे’ म्हणजे स्वराला नाव मिळण्यापूर्वीचा नाद. ताकेमित्सु यांनी पुढची पंचेचाळीस वर्षे त्याचाच शोध घेतला. कधी कधी टीकाकार शिवी म्हणून जे देतो ते लेखकाचे बिरुद ठरते.

१९५१ मध्ये त्यांनी काही कवी, चित्रकार आणि संगीतकार मित्रांबरोबर ‘जिक्केन कोबो’, म्हणजे ‘प्रयोगशाळा’ म्हणता येईल असा एक गट उभारला. तेव्हा हे सारे पाश्चात्त्य नवतेचे भक्त होते. ताकेमित्सु यांनी ध्वनिफितीवरही काम केले. १९६० ची एक रचना त्यांनी केवळ पाण्याच्या थेंबांच्या आवाजांतून घडवली. १९५६ च्या एका रचनेत एक स्त्री आणि एक पुरुष ‘आ’ आणि ‘इ’ हे दोनच उच्चार नाना परींनी करतात. कारण जपानीत ‘आइ’ म्हणजे प्रेम. (मराठी कानाला या रचनेत भलताच अर्थ ऐकू येतो, आणि तोही काही वाईट नाही.) या प्रयोगांपैकी पुष्कळसे मला आज कोरडे वाटतात. इतिहास म्हणून ठीक, पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटत नाहीत.

पण १९५७ चे तंतुवाद्यांसाठी लिहिलेले ‘रेक्विएम’ ऐका. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्यांनी ते लिहिले. त्यांना ज्यांचा मोठा आधार होता ते हायासाका फुमियो, कुरोसावाच्या ‘राशोमोन’ आणि ‘सेव्हन सामुराई’ या चित्रपटांचे संगीतकार, १९५५ मध्ये क्षयानेच गेले होते. त्यामुळे हे मृत्युगीत हायासाकांचे की स्वतःचे, असा प्रश्न पडतो. या संगीताला आरंभ असल्यासारखा वाटत नाही. ते आधीपासून कुठेतरी चाललेलेच असते आणि आपण मधूनच त्यात शिरतो. १९५९ मध्ये स्त्राविन्स्की जपानला आले असताना त्यांनी ही रचना ऐकली आणि इतक्या तीव्र भावनेचे संगीत इतक्या लहान चणीच्या माणसाने लिहावे याचे आश्चर्य व्यक्त केले. तिथून ताकेमित्सु यांचे नाव जगभर झाले. आपला माणूस आपल्याला परक्याच्या तोंडून कळावा, हा अनुभव फक्त जपानचाच आहे असे कुणी समजू नये.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. स्वतःच्या देशाच्या संगीताकडे पाठ फिरवलेला हा माणूस त्याच्याकडे परत आला कसा?

दोन वाटांनी आला. पहिली वाट बुनराकु या बाहुल्यांच्या नाट्याची. त्यात वाजणारे जाड दांडीचे शामिसेन एकदा त्यांनी ऐकले आणि ते हादरले. हा सूर पियानोच्या सुरासारखा गुळगुळीत, स्वच्छ, दुसऱ्या सुराशी जोडण्यासाठी तयार केलेला नव्हता. एकच आघात, पण त्यात एक अख्खे जग. दुसरी वाट मात्र मोठी वळणाची आहे. इचियानागि तोशि हे जपानी संगीतकार अमेरिकेत जॉन केज यांच्या सहवासात राहून १९६१ साली परतले. १९६२ मध्ये केज स्वतः जपानला आले. केज यांच्यामुळे आपल्याला आपल्याच परंपरेचे मोल कळले, असे ताकेमित्सु पुढे कृतज्ञतेने सांगत. आता हे केज कोण? अमेरिकन, पण झेनचे धडे त्यांनी सुझुकी या जपानी विद्वानाच्या न्यूयॉर्कमधील वर्गात घेतले आणि त्याआधी, १९४६ मध्ये, भारतीय संगीताविषयी ते शिकले गीता साराभाई यांच्याकडून. म्हणजे पूर्वेचा विचार न्यूयॉर्कला गेला, तिथे एका अमेरिकनाच्या डोक्यात घोळला आणि मग टोकियोला परत आला. अशा या प्रवासात ‘शुद्ध स्वदेशी’ कुठे शोधायचे आणि ‘उसने’ कुठे, ते शोधणाऱ्यांनी ठरवावे. मला त्यात दिसते ते एवढेच, की परंपरेपासून एकदा दूर गेल्याखेरीज ताकेमित्सु यांना ती ऐकूच आली नसती. जवळून फक्त युद्ध ऐकू येत होते.

त्यांना त्या नादात जे सापडले त्याला जपानीत ‘सावारि’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ स्पर्श. शामिसेनची सर्वांत खर्जाची तार वरच्या टोकाशी दांडीला किंचित स्पर्श करील अशी ठेवतात, त्यामुळे सुराबरोबर एक झणत्कार उमटतो. बीवा या वाद्याचे पडदे उंच आणि रुंद माथ्याचे असतात. तार त्यांना घासत थरथरते आणि सूर खरखरीत, रेतीसारखा होतो. याच उच्चाराचा जपानीत दुसरा एक अर्थ आहे, अडथळा. ताकेमित्सु यांना या दुसऱ्या अर्थाची मोहिनी पडली. वाद्य नीट वाजू नये म्हणून मुद्दाम घातलेली अडचण, आणि त्या अडचणीतूनच त्याचे सौंदर्य! पाश्चात्त्य वाद्यांनी काही शतके गोंगाट गाळून काढण्यात घालवली, जपानी कारागिरांनी तो जपून ठेवला.

गाणे शिकणाऱ्या कुणाही मराठी मुलीला हे वाचून काय आठवेल हे सांगायला नकोच. तंबोऱ्याची जवारी! घोडीच्या किंचित उतरत्या माथ्यावर तार टेकते, खाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि एका विशिष्ट ठिकाणी आला की सूर एकदम फुलतो, त्यात गंधार बोलू लागतो. मिरजेचे कारागीर ती घोडी घासून जवारी काढतात, तेव्हा तेही एक प्रकारचा अडथळाच घडवत असतात. हा दोरा सरकवण्यात मी तासन् तास घालवले आहेत. त्यामुळे ‘सावारि’ मला पाठांतर न करता कळला.

पण इथेच एक धोका आहे. हे साम्य मी एका परिचित गृहस्थांना उत्साहाने सांगितले, तर ते लगेच म्हणाले, “मग हे आपल्याकडूनच गेले की!” त्यांच्या म्हणण्यालाही थोडा आधार आहे. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याने केला, हा इतिहास आहे. नारा येथील शोसोइन भांडारात जपलेला पाच तारांचा आठव्या शतकातला बीवा मूळच्या भारतीय घडणीचा मानतात. ठीक आहे. पण त्यानंतर हजारावर वर्षे त्या वाद्यावर जपानी बोटे फिरली, त्यांचे काय? शिवाय दोन्ही नादांचे काम निरनिराळे आहे. आपली जवारी सूर अखंड ठेवण्यासाठी; तंबोरा थांबला की गवई पोरका होतो. बीवाचा सूर उठतो तो संपण्यासाठी. तो विझत जातो आणि नंतर जे उरते ते ऐकायचे असते. त्या उरण्याला जपानी माणूस ‘मा’ म्हणतो. ती रिकामी जागा असते, पण तिला ताण असतो. आपल्या समेआधीच्या क्षणाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, पण सम येणार हे आपल्याला ठाऊक असते. तिथे काय येणार हे कुणालाच ठाऊक नसते. ‘हे आपल्याकडे होतेच’ म्हटले की ऐकणे संपते. मला ते संपवायचे नाही.

१९६६ मध्ये ताकेमित्सु यांनी बीवा आणि शाकुहाचि या दोनच वाद्यांसाठी ‘एक्लिप्स’ लिहिले. शाकुहाचि ही बांबूच्या बुंध्यापासून केलेली, उभी धरून वाजवायची पाच छिद्रांची बासरी. एके काळी डोक्यावर टोपली घालून फिरणारे झेन भिक्षू ती वाजवीत. ही दोन वाद्ये परंपरेने कधी एकत्र वाजत नसत. म्हणजे स्वतःच्या घरातही ताकेमित्सु यांनी पहिली गाठ घातली ती दोन परक्यांची. तेवढ्यात न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकने आपल्या १२५ व्या वर्षासाठी त्यांच्याकडे रचना मागितली. तीच ‘नोव्हेंबर स्टेप्स’. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ती प्रथम सादर झाली. संचालक ओझावा सेइजि, बीवावर त्सुरुता किन्शि या बाई, शाकुहाचिवर योकोयामा कात्सुया.

यात वाद्यवृंद डावा आणि उजवा असा दोन भागांत विभागून बसवला आहे. सुरुवातीला तंतुवाद्यांचा एक घनदाट, धुरकट नाद पसरतो. तो थांबतो आणि शाकुहाचि येते. तीत सुराइतकाच फुंकरीचा आवाज असतो. मग बीवाचा तडाखा. तुम्ही वाट पाहता की आता वाद्यवृंद या दोघांना साथ करील, त्यांची धून उचलील, निदान खाली एखादा सूर धरून ठेवील. तो तसे करीत नाही. ते दोघे वाजवतात तेव्हा बहुधा तो गप्प असतो. तो बोलतो तेव्हा बहुधा ते गप्प. अधूनमधून कडा एकमेकींना लागतात, इतकेच. आणि शेवटाकडे वाद्यवृंद पूर्ण थांबतो आणि ती दोनच वाद्ये कितीतरी मिनिटे वाजत राहतात. त्या भागाचे लेखनही नेहमीच्या पाच रेषांवर नाही, चिन्हांच्या आकृतींत आहे. जगातल्या एका नामांकित वाद्यवृंदाचे ढीगभर वादक हातांत वाद्ये घेऊन स्वस्थ बसले आहेत आणि त्यांच्या वाढदिवसाची रचना दोन जपानी वादक वाजवत आहेत, असे ते दृश्य! मला यात विलक्षण धैर्य दिसते.

शीर्षकातल्या ‘स्टेप्स’ म्हणजे जपानी संगीतातले ‘दान’, आपण त्यांना टप्पे म्हणू. ते अकरा आहेत आणि महिनाही अकरावा. ताकेमित्सु यांचे म्हणणे असे होते की बीवा आणि वाद्यवृंद यांना सहज एकजीव करण्याचे त्यांच्या मनात नाही; उलट दोघांतला फरक ठळक व्हावा. मला वाटते, फ्यूजनच्या नावाखाली जे जे चालते त्या साऱ्यांनी हे वाक्य तालमीच्या खोलीत लावून ठेवावे.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. न्यूयॉर्कच्या श्रीमंत श्रोत्यांपुढे किमोनो आणि बीवा आणणे, हे जपानची नवलाई विकणेच नाही का? ही शंका मलाही काही दिवस छळत होती. उत्तर मला त्यांच्या पुढच्या वागण्यात मिळाले. जो प्रयोग इतका गाजला तो त्यांनी गिरवत बसला नाही. जपानी वाद्यांसाठी त्यांनी नंतर मोजकेच लिहिले; त्यात दरबारी गागाकु वृंदासाठी १९७३ मध्ये सुरू केलेले आणि १९७९ मध्ये पूर्ण केलेले ‘इन अ‍ॅन ऑटम गार्डन’ सर्वांत मोठे. नवलाई विकणारा माणूस चालते दुकान असे अर्ध्यावर ठेवीत नाही.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. १९७७ च्या ‘अ फ्लॉक डिसेंड्स इंटु द पेंटॅगॉनल गार्डन’पासून पुढे त्यांचे संगीत फार गोड होत गेले. बाग, पाऊस, समुद्र, स्वप्न अशी शीर्षके, देब्युसीसारखे झिरपणारे रंग. त्यांना बागेत फिरावे तसे संगीत लिहायचे होते हे समजते. दगड, गवत, वाळू, झाड यांचा वेग निरनिराळा आणि फिरणारा आपल्या गतीने चालतो, ही कल्पना सुंदर आहे. १९९१ च्या ‘फँटस्मा/कँतोस’ला १९९४ चे ग्रॉमेयर पारितोषिक मिळाले, तेही योग्यच. पण त्या बागेत कधी कधी काटा लागत नाही, आणि मला ‘एक्लिप्स’मधल्या खरखरीची आठवण येते. शिवाय याच काळात ते बकमिन्स्टर फुलर यांच्या विचारांनी भारावून, साऱ्या मानवजातीची संस्कृती एका वैश्विक अंड्यात उबते आहे, अशी भाषा बोलू लागले. म्हणजे ज्यांना मी अंतर राखणारा म्हणते तेच शेवटी एकीची स्वप्ने पाहत होते! इथे माझा आणि त्यांचा मार्ग वेगळा होतो. अंडे उबायला वेळ लागतो आणि ते घाईने फोडू नये, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण त्यांचे शब्द उचलणाऱ्यांना एवढा धीर कुठला?

चित्रपटांविषयी लिहायचे तर निराळा लेख लागेल. सुमारे नव्वद चित्रपटांना त्यांनी संगीत दिले आणि चित्रपट पाहण्याचे तर त्यांना व्यसनच होते. आपल्याकडे फिल्म सोसायटीच्या खुर्च्यांवर बसून ज्यांनी जपानी चित्रपट पाहिले, त्यांनी ताकेमित्सु नाव न कळताही ऐकलेले आहेत. कोबायाशिंच्या १९६२ च्या ‘हाराकिरि’त बीवा आहे, ‘नोव्हेंबर स्टेप्स’ची पूर्वतयारी खरे तर चित्रपटांतच झाली. तेशिगाहारांच्या ‘वुमन इन द ड्यून्स’मध्ये वाळूच संगीत करते असे वाटते. १९६५ च्या कान महोत्सवात पारितोषिक मिळवलेल्या ‘क्वाइदान’मध्ये लाकूड चिरफाळण्याच्या आवाजांनी अंगावर काटा येतो. आणि कुरोसावाच्या १९८५ च्या ‘रान’मधली किल्ल्यावरची लढाई: घोडे, बाण, आगी, रक्त, सारे दिसते, पण ऐकू काहीच येत नाही, वाद्यवृंद तेवढा शोक करीत असतो. मग बंदुकीचा एक बार होतो आणि जगाचा आवाज परत येतो. चौदाव्या वर्षी लष्करी तळावर राबलेला मुलगाच हे लिहू शकतो. या चित्रपटाच्या वेळी कुरोसावांशी त्यांचे चांगलेच खटके उडाले. कुरोसावांना माहलरसारखे काही हवे होते. दोघेही हट्टी, नुकसान प्रेक्षकांचे झाले नाही.

मी हे सारे इतक्या तळमळीने का लिहिते आहे? कारण गाणे शिकणाऱ्या माझ्या पिढीला दोनच गोष्टी ऐकवल्या जातात. एक, परंपरा जपा. दोन, काळाबरोबर चला, थोडे ‘फ्यूजन’ करा. पहिले सांगणाऱ्यांपैकी काहींच्या आवाजात अलीकडे कवायतीचा सूर येऊ लागला आहे. अमुक आपले, अमुक परके, अमुक गाऊ नये. त्यांना ताकेमित्सु यांचे बालपण सांगावेसे वाटते. आपले संगीत हुकमाने ऐकवाल तर सर्वांत चांगले कान आधी निघून जातील, आणि ते परत येतीलच याची हमी नाही. ताकेमित्सु परतले हा अपवाद. न परतलेल्यांची नावे कोण लिहून ठेवतो? दुसरे सांगणाऱ्यांचे अधिक बिकट आहे, कारण ते प्रेमाने सांगतात. तंबोरा आता फोनमध्येच मिळतो. त्यात जवारी कायम खुली, दोरा सरकवायला नको. सोय मोठी आहे, रोजच्या रियाझाला मीही ती वापरते. पण ज्या अडथळ्यातून सूर उगवतो तोच काढून टाकलेल्या वाद्याला गिटारशी जुळवून घ्यायला कसली अडचण? म्हणूनच ते इतके सहज जुळते. आमच्या महाविद्यालयातील वाद्यप्रेमींनी एकदा तरी असा कार्यक्रम करून पाहावा, ज्यात गिटार आपले म्हणेल, मग सरोद आपले म्हणेल, आणि मधे कुणीही ठेका धरणार नाही. पाचच मिनिटे. टाळ्या पडतील की नाही ते सांगता येत नाही.

ताकेमित्सु २० फेब्रुवारी १९९६ रोजी टोकियोत वारले. कर्करोगाच्या आजारात रुग्णालयात असताना ते रोजनिशी लिहीत आणि रंगीत पेन्सिलींनी चित्रे काढून पाककृती नोंदवून ठेवीत. जेवण नीट जात नसलेल्या माणसाने केलेले ते पाकशास्त्र आहे. त्यांची शेवटची पूर्ण झालेली रचना ‘एअर’, ओरेल निकोले या बासरीवादकाच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी लिहिलेली. वाद्यवृंद नाही, बीवा नाही, एक पाश्चात्त्य बासरी फक्त.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची असेल त्यांनी ‘एअर’ने करू नये, ती शेवटी ठेवावी. आधी ‘रेक्विएम’, मग ‘एक्लिप्स’ आणि त्यानंतर ‘नोव्हेंबर स्टेप्स’. आज हे सारे फोनवर सापडते, ओझावांनी टोरांटोच्या वाद्यवृंदाबरोबर केलेले जुने ध्वनिमुद्रणही. शक्यतो रात्री, घरातले पंखे बंद करून ऐकावे. बीवाचा सूर विझल्यावर लगेच पुढचे काही येत नाही. तेव्हा यंत्र बिघडले असे समजून हात लावू नये.